ढबट हा शब्द कुठून आला

मी बत्तीस वर्षं नाकावर पोट भरलंय. अजूनही भरतोच.

आमच्या यार्डात रिकामी लोखंडी पिंपं येतात. रिकामी म्हणायची आपली. तेलाच्या गिरणीतून, साबणाच्या कारखान्यातून, रंगवाल्याकडून, सरसवाल्याकडून, आणि प्रत्येकाच्या बुडाशी दोन बोटं काहीतरी उरलेलं असतंच. ते धुवायचं, ठोकून सरळ करायचं, रंग मारायचा आणि दुसऱ्याला विकायचं, हा मालकाचा धंदा. पण कसं धुवायचं ते आत काय होतं त्यावर ठरतं. आणि आत काय होतं ते सांगायला कागद नसतो. मी असतो.

मी बूच उघडत नाही. बुचाच्या कडेला नाक नेतो, वरून नाही, बाजूनं, आणि एकच छोटा श्वास घेतो. दुसरा घ्यायचा नाही. दुसऱ्या श्वासाला नाक सरावतं आणि थापा मारायला लागतं. मग पिंपाच्या पोटावर खडूनं एक शब्द लिहायचा. शाळा मी तिसरीतच सोडली, पण हे दहा-बारा शब्द मला झोपेत लिहिता येतात. खवट लिहिलं तर आत शिळं तेल. धुणाऱ्यानं हातानं बूच उघडायचं, गरम पाणी आणि सोडा घालायचा. आंबट लिहिलं तर चुना. उग्र लिहिलं तर सरळ भट्टीत. आणि सडकं लिहिलं तर कोणी जवळ जायचं नाही. लांब दांड्याची चावी घ्यायची, बुचाकडे पाठ करायची, पाव फेरा मारायचा आणि पळत सुटायचं. आत वायू कोंडलेला असतो, तो संध्याकाळपर्यंत फुसफुसत बाहेर पडतो आणि तोवर यार्डात कोणाला घास उतरत नाही.

याशिवाय आमचे घरचे शब्द होते. 'चौथा मजला' म्हणजे मांजराच्या मुताचा वास, कारण मालकाच्या जुन्या ऑफिसच्या चौथ्या मजल्यावर सात मांजरं होती आणि माणूस एकच, तोही खिडकी न उघडणारा. 'साहेबाचा मोजा' म्हणजे दूध नासून महिना झालेला वास. हा कुठून आला ते साहेब गेल्यावर सांगेन, अजून जिवंत आहेत.

आणि ढबट.

ढबट म्हणजे सडलेली चरबी, त्यात रक्त, त्यात ऊन, आणि हे सगळं बंद. ओकारी येण्याआधी जिभेवर येतो असा वास. हा शब्द आता गावभर झालाय. भांडी घासायचं फडकं ढबट येतं, बसमध्ये कोणाची तरी पिशवी ढबट येते. पोरं मोजे काढून एकमेकांच्या तोंडाला लावतात आणि ओरडतात, ढबट, ढबट! त्यांना वाटतं हा शब्द जगाच्या सुरुवातीपासून आहे.

तो मी केलाय.

गेल्या महिन्यात यार्डात एक बाई आल्या. चष्मा, खांद्याला कापडी पिशवी, हातात फोन. मालकानं त्यांना माझ्याकडे पाठवलं.

"काका, मी वासाचे शब्द गोळा करते," त्या म्हणाल्या. "कोश करतोय आम्ही."

"त्याचा पगार मिळतो?"

"मिळतो थोडा."

"मग बसा. आपण एकाच धंद्यातले."

त्या हसल्या आणि उलट्या पिंपावर रुमाल न टाकता बसल्या, तिथंच मला आवडल्या. पहिला तासभर त्यांनी मलाच शिकवलं. म्हणाल्या, दर्प म्हणजे मुळात गर्व. ताठा. मी म्हटलं, बरोबर आहे, आमचा पाहुणा खरेदीदार अत्तर लावून येतो त्याला दोन्ही आहेत. मग म्हणाल्या, "आणि घाण शब्द माहितीये कुठून आला? घ्राण. घ्राण म्हणजे वास घेणं. नाकसुद्धा. आधी त्यात वाईट काहीच नव्हतं."

"म्हणजे घाण मुळात नाकात होती?"

"तसंच म्हणा ना."

त्यांनी गमतीत म्हटलं. एवढी पिंपं हुंगली, पण आपल्याच नाकाची किळस यावी असं कोणी बोललं नव्हतं.

कुबट कुठून आला विचारलं तर म्हणाल्या, नक्की माहीत नाही. माहीत नाही म्हणणारा शिकलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. आणि मग त्यांनी फोन माझ्या तोंडाजवळ सरकवला.

"आता ढबट सांगा. सगळे बोलतात, पण कुठल्याच जुन्या कोशात नाही. आमच्या सरांना वाटतं 'डबकं'वरून आला असेल."

"सर म्हणतात तर असेल," मी म्हटलं.

"नक्की?"

"मी तिसरी पास माणूस, बाई. सरांना खोटं कसं पाडू?"

त्यांनी काही लिहिलं नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग पाणी मागितलं, प्यायल्या, आणि भट्टीवाल्याशी बोलायला गेल्या. आमचा भट्टीवाला म्हणजे तोंडाला बूचच नाही. तो हातवारे करकरून अर्धा तास बोलत होता आणि मध्येमध्ये हसत होता. एवढ्या लांबून ऐकू येत नव्हतं, पण तो काय सांगतोय ते मला पाठ होतं. ती गोष्ट मीच त्याला दिली होती.

आता ती गोष्ट.

माझी धाकटी बहीण. तिचा नवरा आमच्याच यार्डात पिंपं धुवायला होता. मीच लावला होता. घरी दाजी, कामावर ढब्या. ढब्या म्हणजे खरंच ढब्या, गोल पोट, गोल गाल, हसला की डोळे गायब. नाव कोणी वाईट मनानं ठेवलं नव्हतं, तोही त्या नावाला ओ द्यायचा. स्वच्छतेचं वेड एवढं की जेवणाच्या सुट्टीत आधी नखं घासायचा आणि मग डबा उघडायचा. डब्यातलं अर्धं मला द्यायचा. धाकटी मुद्दाम दोघांपुरतं भरायची.

बावीस वर्षांपूर्वी, ऐन उन्हाळ्यात, मला सर्दी झाली. साधीसुधी नाही, दोन्ही नाकपुड्यांत कोणी सिमेंट ओतावं तशी. यार्डात रीतच होती की नाकवाल्याचं नाक बंद असेल तर त्यानं तसं सांगायचं, मग त्या दिवशी एकही पिंप उघडायचं नाही आणि नाकवाल्यानं सगळ्यांबरोबर पत्रे ठोकायचे. मी तीन दिवस तसं सांगितलं. चौथ्या दिवशी मालक परगावचे चार खरेदीदार घेऊन आला. सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हे आमचं नाक. याला पिंप बोलून दाखवतं."

आता सांगा, तिथं कोण म्हणणार की नाक बंद आहे?

मी म्हटलं नाही; सगळ्यांना वाटलं, सर्दी गेली. मी ऐटीत एकेका पिंपाजवळ गेलो, डोळे मिटले, मान हलवली, आणि शिक्का बघून लिहीत सुटलो. गिरणीचा शिक्का, खवट. रंगाचा डाग, उग्र. पाहुणे वा वा करत होते. दहाव्या पिंपावरही गिरणीचाच शिक्का होता. पोट जरासं फुगलं होतं. मला वाटलं पत्रा उन्हानं फुगलाय. लिहिलं, खवट.

ते पिंप गिरणीतून थेट आलंच नव्हतं. मध्ये कोणीतरी त्यात कत्तलखान्याची चरबी भरली होती आणि अर्धी तशीच ठेवून बूच ठोकलं होतं.

ढब्यानं खडू वाचला. खवट. म्हणजे हातानं उघडायचं. त्यानं चावी लावली, नेहमीसारखा वाकला आणि जोर दिला.

आवाज असा झाला की पाहुणे खाली बसले. बूच पत्र्याच्या छताला जाऊन लागलं. आणि जे बाहेर आलं ते पाणी नव्हतं. राखाडी, तारा सुटणारं, मध्ये काळ्या गाठी, आणि ते सगळं ढब्याच्या तोंडावर. डोळ्यांत, कानांत, उघड्या तोंडात. तो ओरडायला गेला आणि त्यानं ते गिळलं. मग गुडघ्यावर बसून ओकायला लागला आणि थांबेचना. जे ओकत होता आणि जे अंगावर होतं त्यात फरक कळत नव्हता. दोन खरेदीदार तिथंच ओकले. भट्टीवाला पळत नळी आणायला गेला आणि येता येता तोही ओकला. सगळं यार्ड नाक धरून ओकत होतं, आणि मधोमध मी एकटा ताठ उभा. मला कसलाच वास येत नव्हता ना.

सगळे त्याच्याकडे धावले तेव्हा मी पिंपाकडे धावलो. बाहीनं 'खवट' पुसलं आणि वर 'सडकं' लिहिलं. खडू ओल्यावर नीट उमटत नव्हता, दोनदा गिरवलं. मग वळून ओरडलो, "अरे, वाचता येत नाही का तुला? एवढं ढळढळीत लिहिलंय!"

ढब्यानं मान वर केली. एक डोळा उघडला. पिंपाकडे पाहिलं, मग माझ्या बाहीकडे. बाही पांढरी झाली होती.

मालक चिडला होता, पाहुणे निघायच्या बेतात होते, आणि मला हे सगळं कसंही करून हसण्यावारी न्यायचं होतं. मी म्हटलं, "मालक, आजवर खवट होता, कुबट होता. आज नवा आला. हा ढबट!"

पाहुणे रुमालाआडून हसले. मग मालक हसला. मग सगळे. शब्द झाला.

दाजी त्या रात्री घरी गेला तर शेजाऱ्यांनी जिन्यातच अडवला. धाकटीनं त्याला सोड्यानं घासला, राखेनं घासला, शेवटी विटेच्या तुकड्यानं घासला, कातडी निघाली पण वास निघाला नाही. महिन्यानं निघाला. तोवर यार्डात त्याच्या शेजारी डबा उघडणं लोकांनी सोडलं होतं, आणि वास गेल्यावरही कोणी परत बसलं नाही. तो जवळून गेला की पोरं नाक धरायची. वास नसायचा, नावच पुरायचं. दोन महिन्यांनी त्यानं काम सोडलं. आता स्टेशनजवळ किल्ल्या बनवून देतो. छोटीशी काचेची टपरी आहे, गिऱ्हाईक बाहेर, हा आत, मध्ये काच, काचेला किल्ली सरकवायपुरती फट. ढब्या म्हणून त्याला आता कोणी हाक मारत नाही. कशी मारणार?

त्या प्रकारानंतर पहिल्याच आठवड्यात धाकटी माझ्याकडे आली होती. दारातच उभी राहिली. म्हणाली, "दादा, एकच सांग. पिंपावर काय लिहिलं होतंस?"

मी म्हटलं, "सडकं."

"माझ्याकडे बघून सांग."

मी तिच्याकडे बघून सांगितलं, "सडकं."

त्यानंतर बावीस वर्षं ती माझ्याशी बोलली नाही.

तर बाई. आठ दिवसांनी त्या माझ्या घरी आल्या आणि छापायचं पान ठेवून गेल्या. म्हणाल्या, सोमवारी छपाईला जाणार, काही चुकलं असेल तर सांगा. मला छापील मजकूर भरभर वाचता येत नाही, म्हणून हिनं वाचलं. ही म्हणजे माझी बायको. खुर्चीवर बसून, वर्तमानपत्र वाचतात तसं मोठ्यानं.

"ढबट. सडलेल्या चरबीचा असतो तसा, किळसवाणा वास. पिंपांच्या यार्डातला शब्द. ढब्या नावाच्या कामगारानं पिंपावरची सूचना न वाचता बूच उघडलं व त्याच्या अंगावर घाण उडाली, त्यावरून." मग चष्मा काढला. "बरोबर आहे की. तुमचं नाव कुठं नाही पण."

"नको माझं नाव."

"का? शब्द तुमचा ना? लोकांना सांगत फिरता."

मी उठलो, मोरीत गेलो आणि नुसतेच उमासे काढले. बाहेर काही आलं नाही. बोलणं वाऱ्यावर जातं हो. यार्डातली माणसं मरतील, भट्टीवाला मरेल, गोष्ट मरेल. छापलं की मरत नाही. दाजीच्या नातीची नात तो कोश उघडेल आणि तिला कळेल की आपला खापरपणजोबा एक मूर्ख होता, त्याला वाचता येत नव्हतं. आणि ते कळेल माझ्या तोंडून.

"काय झालं?" ही मोरीच्या दारात आली.

मी तोंड पुसलं आणि तिला सांगितलं. बाही, खडू, सगळं. बावीस वर्षांत तिलाही सांगितलं नव्हतं.

ती मग म्हणाली, "आणि मी धाकटीला दर सणाला शिव्या घालत बसले, की हिचंच नाक वर आहे म्हणून." आणि तिनं माझ्या अंगावर दारातूनच टॉवेल फेकला, हातात दिला नाही.

शनिवारी मी बाईंना फोन केला आणि यार्डाच्या फाटकाशी बोलावून सगळं सांगितलं. त्यांनी या वेळी फोन माझ्या तोंडाजवळ धरला नाही. ऐकून म्हणाल्या, "काका, आता हे मी एकटीनं बदलू शकत नाही. ज्यांचं नाव आहे त्यांना विचारायला हवं."

"मीही येतो."

"तुम्ही यायलाच हवं."

धाकटीचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिन्यात कोणीतरी कचऱ्याची बादली ठेवली होती, झाकण अर्धवट, आत माशाचे खवले आणि कलिंगडाची सालं. मी बेल दाबली. दार उघडलं ते सहा-सात वर्षांच्या मुलीनं, गोल गाल, हसली की डोळे गायब. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखलं.

तिनं आमच्याकडे पाहिलं, नाक चिमटीत धरलं आणि आत ओरडली, "आजी, कोणीतरी आलंय! आणि जिन्यात ढबट वास येतोय!"

आत भांड्यांचा आवाज थांबला.

धाकटी बाहेर आली. केस पांढरे झालेत. मला पाहून तिनं मुलीच्या तोंडावर हात ठेवला, हळूच, जसा रोज ठेवत असावी. मला त्या क्षणी कळलं की या घरात हा शब्द रोज येतो. शाळेतून येतो, टीव्हीतून येतो, आणि रोज ही दोघं नवरा-बायको तो गिळतात आणि पोरीला काही सांगत नाहीत.

"कोण आहे?" आतून दाजीचा आवाज.

धाकटी बाजूला झाली.

घर असं घासलेलं की फरशीवर पाय ठेवायची लाज वाटावी. खिडक्या सगळ्या उघड्या. साबणाचा वास, त्याखाली फिनेल, त्याखाली काहीच नाही. नाकाला धरायला काही नाही असं घर मी पहिल्यांदा पाहिलं. दाजी टेबलाशी बसून बारीक कानशीनं किल्ली घासत होता. पोट उतरलंय. वर पाहिलं आणि कानस खाली ठेवली.

"या, मेव्हणे," तो म्हणाला. "बूच उघडायला आलात का कुठलं?"

मी बसलो नाही. बसलो असतो तर सांगितलं नसतं.

"खवट," मी म्हटलं. "खवट लिहिलं होतं मी. मला सर्दी होती. बाहीनं पुसलं आणि सडकं लिहिलं. तू बरोबर वाचलं होतंस."

धाकटीनं ओट्याची कड धरली होती. बाईंनी छापायचं पान टेबलावर ठेवलं आणि कोश म्हणजे काय, सोमवारी काय होणार, ते दाजीला थोडक्यात सांगितलं. दाजीनं पान वाचलं. बोट ठेवून, एकेक शब्द, दोनदा. त्याला चांगलं वाचता येतं, माझ्याहून चांगलं.

"सर्दी होती," तो म्हणाला. "म्हणजे तुम्हाला त्या दिवशी वास आलाच नाही."

"नाही."

"नंतर?"

"नंतर... पंधरा दिवस नाक बंदच होतं. तोवर यार्ड धुतलं होतं, आणि तुझ्याजवळ मी फिरकलोच नाही."

"म्हणजे ज्या वासाला माझं नाव दिलंत तो तुम्ही घेतलाच नाहीत. कधीच नाही?"

खरं सांगतो, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. बावीस वर्षं मी लोकांना ढबट कसा असतो ते सांगतोय. ओकारी येण्याआधी जिभेवर येतो, हे वाक्यसुद्धा भट्टीवाल्याचं.

"नाही," मी म्हटलं.

दाजी उठला आणि गॅलरीत गेला. धाकटीला कळलं. "अहो, नको. घरात नको."

"बावीस वर्षं घरातच आहे," तो तिथूनच म्हणाला. "तू पोरीला घेऊन खाली जा."

ती गेली नाही. मुलीला शेजारी सोडून परत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

त्यानं रंगाचा एक जुना डबा आणला, लिटरभराचा. झाकणाच्या कडेनं मेण ओतलेलं, एक थर नाही, चार-पाच थर, वर्षावर्षानं ओतावेत तसे. "त्या दिवसाचा शर्ट," तो म्हणाला. "मला वाटलं, कोणीतरी विचारेल नक्की काय झालं. मालक विचारेल. तुम्ही विचाराल. म्हणून ठेवला. कोणी विचारलं नाही." त्यानं कानशीच्या टोकानं मेण खरवडायला सुरुवात केली. ढलप्या टेबलावर पडत होत्या आणि तो त्या एका हातानं गोळा करत होता, जुनी सवय. "बाई, तुम्ही लांब व्हा. मेव्हणे, तुम्ही इकडं या. बाजूनं नको. वरून घ्या. मी वरून घेतला होता."

मी वाकलो. झाकण टक् करून सुटलं.

मी नाकवाला माणूस आहे. चौथा मजला हुंगलाय, साहेबाचा मोजा हुंगलाय, मेलेला उंदीर कुठल्या वारी मेला ते सांगू शकतो. पण हे वासासारखं आलंच नाही. ते ओलं बोट घशात घालावं तसं आलं. आधी गोड. गोडच, हे कोणी मला सांगितलं नव्हतं, पिकून फुटलेल्या फळासारखं गोड, आणि तो गोडवा गिळेपर्यंत त्याच्यामागून चरबी आली, जुनी, पिवळी, दातांवर बसणारी, आणि तिच्यामागून लोखंड आणि संडास आणि माणसाचा घाम. तो घाम दाजीचा होता. बावीस वर्षांत सगळं सडलं होतं पण तो घाम ओळखू येत होता. ज्याच्या डब्यातलं अर्धं मी खायचो त्याचा.

मी मान मागं घेतली.

"दुसरा," दाजी म्हणाला.

"दाजी, दुसरा घ्यायचा नसतो."

"मी महिनाभर घेतला. दुसरा."

मी दुसरा घेतला. नाक सरावतं म्हणतो ना मी सगळ्यांना? नाही सरावत. तिसऱ्याला मी मोरीत होतो, दोन्ही हात भिंतीला, सकाळचं, कालचं, सगळं बाहेर, मग नुसतं पाणी, मग कडू, मग काहीच नाही आणि तरी पोट पिळतच होतं. मागं झाकण ठोकल्याचा आवाज आला. कोणीतरी गॅलरीचं दारही सताड उघडलं.

"सांगा आता," दाजी मोरीच्या दारात उभा होता. "तुम्ही नाकवाले. काय लिहाल पिंपावर?"

मी खूप शोधलं. खवट नाही. सडकं नाही. कुजकं, आंबूस, उग्र, एकही नाही. तो दुसरा शब्द तर तोंडात येऊच देणार नव्हतो.

"मला शब्द येत नाही," मी म्हटलं.

"हां," तो म्हणाला. "मलाही नाही आला."

बाई रुमाल तोंडाशी धरून कशाबशा उभ्या होत्या, डोळ्यांतून पाणी. त्या म्हणाल्या, "शब्द काढून टाकू का कोशातून?"

"काढून कुठं टाकणार?" दाजी म्हणाला. "माझ्या नातीच्या तोंडात आहे तो. राहू दे. पण कुठून आला ते नीट लिहा. लिहा की पिंपावर खवट लिहिलं होतं आणि धुणाऱ्यानं ते वाचलं. लिहा की नाकवाल्याला सर्दी होती." मग म्हणाला, "त्यांचं नाव नका घालू. नाव लागलं की काय होतं मला माहीत आहे."

बाईंनी पेन काढलं. सगळं लिहिलं, मग वाचून दाखवलं, आणि दाजीनं एका जागी दुरुस्ती सांगितली: "उघडलं" नको, "नेहमीसारखं उघडलं" लिहा.

मी मोरीतच बसलो होतो. समोर पाण्यानं भरलेला पेला आला. धाकटीनं पेला धरला होता, आणि दुसऱ्या हातानं पदर नाकाला.

"दादा, चूळ भर," ती म्हणाली.

मी चूळ भरली. दुसरी भरली. तिनं पेला परत घेतला, पुन्हा भरला, पुन्हा दिला. बावीस वर्षांनी बोलली आणि चूळ भर म्हणाली. मी तिसरीही भरली.

"बस झालं आता, टाकी रिकामी करशील," ती म्हणाली.

निघताना मी चपला घालत होतो तेव्हा तिनं तो डबा माझ्या हातात दिला. वर नवं मेण ओतलं होतं, अजून गरम होतं. शेजारून नात धावत आली, डबा पाहिला, वाकून हुंगायला गेली. धाकटीनं तिला दंडाला धरून मागं ओढलं.

"आजी, कुणाचा गं डबा?"

"मामाआजोबांचा," ती म्हणाली. "त्यांचाच आहे. त्यांना नेऊ दे."